जुना रिसीव्हर, नवा टीव्ही आणि वारंवार जाणारा आवाज

नागपुरात दिवाळीच्या खरेदीत नवा टीव्ही घरी आला, की थोड्याच दिवसांत ओळखीच्या मंडळींकडून ठरावीक तक्रार येते : "भाऊ, चित्र एकदम मस्त आहे, पण होम थिएटरमधून आवाज येऊन नाही राहिला." कोणाकडे आवाज येतो, पण मागचे दोन स्पीकर मुके राहतात. कोणाकडे रात्री सगळे सुरळीत चाललेले असते आणि सकाळी टीव्ही लावला, की पडदा काळा आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी. सगळ्या पिना काढून पुन्हा खोचल्या, की तेवढ्यापुरते काम भागते, म्हणून घरचे लोक तोच उपाय करत राहतात. मात्र जी तक्रार पुन्हा पुन्हा परत येते तिचे मूळ कुठेतरी शिल्लक आहे असेच समजले पाहिजे, आणि ते मूळ सापडण्यासारखे असते.

अशा घरांत जाऊन पाहिले, तर बहुतेक वेळा एकही यंत्र बिघडलेले नसते. निरनिराळ्या काळांत घेतलेली चार-पाच यंत्रे एका साखळीत बसवलेली असतात आणि त्यांतले सर्वांत जुने यंत्र बाकीच्यांवर आपली मर्यादा लादत असते. ते जुने यंत्र म्हणजे बहुधा रिसीव्हर, अर्थात होम थिएटरमधला तो डबा, जो बाकीच्या यंत्रांचा आवाज घेऊन, वाढवून स्पीकरांना देतो. माझा आग्रह असा, की उत्तम आवाज देणारा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा रिसीव्हर केवळ या कारणासाठी भंगारात देऊ नये. नव्या फोर-के (अतिस्पष्ट चित्राच्या) यंत्रांच्या चित्राचा मार्ग त्याच्यातून काढून घ्यावा, आवाजाचा मार्ग त्याच्याकडे ठेवावा, आणि हे दोन्ही मार्ग स्वतंत्रपणे तपासावेत.

जोडणीच्या आत काय घडते

चित्र आणि आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय केबल खोचल्याबरोबर लगेच चित्र धावू लागत नाही. आधी देणारे यंत्र, म्हणजे सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक, केबलमधल्या एका तारेवर ५ व्होल्टचा दाब ठेवते. घेणारे यंत्र आपण हजर असल्याचा संकेत परत देते. मग देणारे यंत्र समोरच्याकडून त्याच्या क्षमतांची यादी वाचून घेते. कोणते रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) चालेल, सेकंदाला किती चित्रे झेपतील, आवाज कोणत्या प्रकारचा आणि किती चॅनेलचा, म्हणजे किती वेगळ्या स्पीकरांसाठीचा, घेता येईल, हे सर्व या यादीत असते आणि तिला ईडीआयडी म्हणतात. त्यानंतर एचडीसीपी नावाची नक्कल-प्रतिबंधक तपासणी होते. ती पार पडली तरच चित्र व आवाज सुरू होतात.

मध्ये रिसीव्हर असला, की हीच बोलणी दोन टप्प्यांत होतात आणि रिसीव्हरला टीव्हीची यादी व स्वतःची यादी एकत्र करून पुढे मांडावी लागते. जुने रिसीव्हर येथेच अडखळतात. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली; २००६ च्या १.३ आवृत्तीने ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी हे उच्च प्रतीच्या आवाजाचे प्रकार जसेच्या तसे वाहून नेण्याची सोय केली. २००९ च्या १.४ आवृत्तीत टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज परत आणणारी एआरसी ही सोय आली. २०१३ च्या २.० आवृत्तीने सेकंदाला ६० चित्रांचे फोर-के शक्य केले आणि २०१७ च्या २.१ आवृत्तीने ई-एआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, आणली. तुमचा रिसीव्हर २०१० सालचा असेल, तर २.० आणि २.१ या आवृत्त्यांतले काहीही त्याला कळणार नाही, केबल कितीही महाग आणली तरी.

त्यातही एचडीसीपीचा अडथळा सर्वांत चिवट आहे. पैसे भरून पाहायच्या फोर-के कार्यक्रमांसाठी साधारणपणे एचडीसीपी २.२ लागते आणि साखळीतले प्रत्येक यंत्र ते समजणारे असावे लागते. मधला रिसीव्हर फक्त जुनी आवृत्ती ओळखत असेल, तर एखादे ॲप गुपचूप १०८०पी, म्हणजे फोर-केपेक्षा कमी बारकाईच्या चित्रावर उतरते, दुसरे ॲप पडदा काळा करते आणि तिसरे एखादी अगम्य सूचना दाखवते. एकाच घरात एक ॲप चालते आणि दुसरे चालत नाही, याचे हे मोठे कारण आहे. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी यावर उपाय मिळत नाही.

आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. सुरुवातीच्या काळातल्या काही स्वस्त रिसीव्हरांवर एचडीएमआयची सॉकेटे असतात, पण ती केवळ चित्र पुढे ढकलतात आणि त्यातला आवाज रिसीव्हर स्वतः उचलत नाही. माहितीपुस्तिकेत अशा सोयीसाठी 'पास थ्रू' असा उल्लेख असतो, तर आवाज उचलणाऱ्या रिसीव्हरसाठी 'रिपीटर' असा शब्द आढळतो. आपल्याकडचा रिसीव्हर पहिल्या प्रकारचा असेल, तर एचडीएमआयने जोडून आवाजाची वाट पाहणे व्यर्थ आहे. त्याला आवाजासाठी वेगळी वायर द्यावीच लागते.

साखळी आधी तोडावी

निदानासाठी सर्व यंत्रे बंद करून भिंतीवरच्या बोर्डाची बटणे बंद करावीत आणि काही मिनिटे थांबावे. मग एक सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक आणि टीव्ही एवढेच दोघे, दीड-दोन मीटरच्या साध्या चांगल्या केबलने थेट जोडावेत. चित्र आणि टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून आवाज दोन्ही व्यवस्थित येत असतील, तर ती दोन यंत्रे आणि ती केबल निर्दोष आहेत हे निश्चित झाले. त्यानंतर रिसीव्हर जोडावा, तोही एकाच मार्गाने. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर टीव्ही, रिसीव्हर व बॉक्स याच क्रमाने सुरू करावेत. घाईत तीन वायरी बदलून आवाज आला, तर कोणत्या वायरीने आला हे कळत नाही, आणि तोच दोष पुढे पुन्हा दारात उभा राहतो.

आवाजाची वेगळी वाट

ज्या यंत्रांतून फोर-के चित्र येते, म्हणजे नवी स्टिक किंवा नवा सेट-टॉप बॉक्स, ती थेट टीव्हीला जोडावीत. टीव्हीने चित्र दाखवावे आणि आवाज रिसीव्हरकडे पाठवावा. रिसीव्हरच्या एचडीएमआय आउट सॉकेटवर एआरसी असे छापलेले असेल, तर टीव्हीच्याही एआरसी छापलेल्या सॉकेटलाच ती केबल जोडावी. टीव्हीवर तीन-चार एचडीएमआय सॉकेटे असली तरी ही सोय बहुधा एकाच सॉकेटवर असते. रिसीव्हरवर एआरसी नसेल, तर ऑप्टिकल केबल वापरावी.

जुना ब्लू-रे प्लेअर मात्र रिसीव्हरच्या एचडीएमआय सॉकेटवर तसाच राहू द्यावा. साध्या ब्लू-रेचे चित्र १०८०पी असते, त्याची नक्कल-प्रतिबंधक तपासणी जुन्याच आवृत्तीची असते आणि रिसीव्हरला दोन्ही झेपतात. शिवाय ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडीचा उच्च प्रतीचा आवाज या मार्गानेच पूर्ण मिळतो, तो टीव्हीमार्फत ऑप्टिकलने येऊ शकत नाही. सगळीच यंत्रे सरसकट टीव्हीला जोडणारे लोक हातातली चांगली गोष्ट घालवतात, याचे मला वाईट वाटते.

ऑप्टिकल केबलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेला हा जोड तारेतून वीज न पाठवता प्रकाश पाठवतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची लहान टोपणे असतात आणि ती काढायची राहून गेल्यामुळे पिन नीट बसत नाही, असे अनेक घरांत दिसते. केबलचे एक टोक टीव्हीत बसवून टीव्ही सुरू करावा आणि दुसऱ्या टोकासमोर तळहात धरावा. लाल ठिपका दिसला, म्हणजे टीव्ही काहीतरी पाठवतो आहे. पिनेचे दोन कोपरे छाटलेले असतात, म्हणून ती एकाच बाजूने बसते; जोर लावून उलटी खुपसली, तर सॉकेटचे झडपेसारखे झाकण तुटते. रिसीव्हरवर ऑप्टिकल सॉकेट रिकामे नसेल, पण नारिंगी रंगाचे डिजिटल कोअॅक्शियल सॉकेट असेल, तर एकाचे दुसरे करणारी लहान डबी मिळते. दोन्हीकडे माहिती एकच असल्याने त्यात गुणवत्तेचे काही नुकसान होत नाही.

या वाटेची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ऑप्टिकलमधून दोन चॅनेलचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज जातो किंवा दाबून लहान केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा) डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस आवाज जातो. सहा चॅनेलचा पीसीएम त्यातून जात नाही, आणि बहुतेक स्ट्रीमिंग ॲप जो डॉल्बी डिजिटल प्लस आवाज देतात तोही थेट जात नाही. टीव्हीला त्याचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करावे लागते. हे रूपांतर बरेच टीव्ही करतात, परंतु त्यासाठी सेटिंग योग्य असावे लागते.

मागचे स्पीकर मुके असण्याचे सर्वसाधारण कारण हेच सेटिंग आहे. टीव्हीच्या ध्वनी विभागात डिजिटल ऑडिओ आउटपुट अशा नावाचा पर्याय असतो आणि अनेक टीव्हींत तो मुळातच पीसीएमवर असतो. अशा वेळी रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीकडे बारकाईने पाहावे. पीसीएम असे अक्षर उमटते आणि स्पीकर दाखवणाऱ्या लहान चौकोनांपैकी डावा व उजवा असे दोनच उजळतात. आता ५.१ आवाज असलेला एखादा चित्रपट सुरू ठेवूनच टीव्हीतला तो पर्याय ऑटो, बिटस्ट्रीम (दाबलेला आवाज न उलगडता पाठवणे) किंवा डॉल्बी डिजिटल यांपैकी जो उपलब्ध असेल त्यावर न्यावा. क्षणभर आवाज थांबतो, रिसीव्हरच्या आत रिलेचा टक असा नाद होतो, पट्टीवर डॉल्बी डिजिटल उमटते आणि मधला व मागचे दोन असे बाकीचे चौकोनही उजळतात. ही पट्टी वाचायची सवय लागली, की अर्धे निदान खुर्चीवर बसल्या बसल्या होते. मूळ कार्यक्रमच दोन चॅनेलचा असेल, तर मात्र पट्टी दोनच चौकोन दाखवेल आणि त्यात कोणाचाही दोष नसेल. बातम्या आणि मालिका बहुधा तशाच असतात.

पेनड्राइव्हवरच्या चित्रपटाचे चित्र चालते आणि आवाज पूर्ण गप्प असतो, ही तक्रार वेगळी आहे. त्या फाइलमध्ये डीटीएस आवाज असतो आणि गेल्या काही वर्षांतले कित्येक टीव्ही डीटीएस उलगडतही नाहीत आणि पुढेही पाठवत नाहीत. फाइलमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक असेल तर तो निवडावा, नाहीतर तोच पेनड्राइव्ह ब्लू-रे प्लेअरला लावून आवाज सरळ रिसीव्हरकडे न्यावा.

बाजारातल्या डब्यांविषयी

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानांत बोटभर लांबीपासून पुस्तकाएवढ्या आकारापर्यंत नाना प्रकारचे कन्व्हर्टर मिळतात आणि दिसायला सगळे सारखेच असतात. घेताना दिशा आधी पाहावी. 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' ही दोन निराळी यंत्रे आहेत, प्रत्येक डबी एकाच दिशेने काम करते, आणि उलटी लावून ती कधीच चालत नाही. दुकानदाराला नुसते 'कन्व्हर्टर द्या' असे न म्हणता सिग्नल कोणत्या यंत्रातून निघून कोणत्या यंत्रात शिरणार आहे, हे दोन्ही टोकांच्या सॉकेटांचा फोटो दाखवून सांगावे.

ऑप्टिकलचे लाल-पांढऱ्या पिनांमध्ये रूपांतर करणारी स्वस्त डबी बहुधा फक्त दोन चॅनेलचा पीसीएम समजते. टीव्ही डॉल्बी डिजिटल पाठवत असेल, तर अशा डबीतून एकतर काहीच ऐकू येत नाही किंवा कर्कश खरखर येते आणि ग्राहक डबी खराब म्हणून परत करतो. येथे वरच्याच्या उलट करायचे असते, म्हणजे टीव्हीचे सेटिंग पीसीएमवर न्यायचे असते. ज्यांच्याकडे सहा लहान पिनांचा ५.१ स्पीकर संच आहे, त्यांना मागच्या स्पीकरमधून खरा वेगळा आवाज हवा असेल तर ऑप्टिकल घेऊन सहा चॅनेल वेगळे करून देणारा डॉल्बी डिजिटल डिकोडरच लागतो. साध्या डबीने मागचे स्पीकर वाजतील, पण पुढचाच आवाज मागेही वाजेल.

जुन्या डीव्हीडी होम थिएटर संचाचे स्पीकर काढून रिसीव्हरला जोडण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. त्या स्पीकरांच्या मागे ३ किंवा ४ ओहम (विजेला होणारा विरोध) असे छापलेले असेल आणि रिसीव्हरच्या मागे किमान ६ ओहम असे असेल, तर तसे करू नये. मोठ्या आवाजात रिसीव्हर तापून स्वतःला बंद करतो आणि नशीब वाईट असेल तर त्याचा आउटपुट विभाग जळतो.

काही दिवस चालून पुन्हा बंद पडणे

एआरसीची जोडणी काही दिवस चालून अचानक थांबते, तेव्हा सर्वप्रथम टीव्हीचे सॉफ्टवेअर अपडेट झाले आहे का ते पाहावे. अशा अपडेटनंतर ध्वनीची सेटिंगे मूळपदावर गेलेली आढळतात. त्याचबरोबर सीईसी ही परस्पर-नियंत्रणाची सोय बंद झाली असेल, तर बऱ्याच टीव्हींत एआरसीही बंद होते. ही सोय प्रत्येक कंपनी निराळ्या नावाने देते : सॅमसंग ॲनिनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, तर सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्ही आणि रिसीव्हर या दोघांवर ती चालू ठेवावी आणि बॉक्स व स्टिकवर बंद करून पाहावी, कारण एकाच वेळी चार यंत्रे एकमेकांना हुकूम देऊ लागली, की इनपुट आपोआप बदलणे आणि रिसीव्हर मध्येच बंद होणे असे प्रकार सुरू होतात. आवाज ऑप्टिकलने घेत असाल, तर सीईसी सगळीकडे बंद ठेवलेली बरी. चालणारी सेटिंगे एकदा सापडली, की टीव्हीच्या त्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा.

मनीषनगर, बेसा या बाजूंच्या नव्या फ्लॅटांत बांधकामाच्या वेळीच भिंतीतून एचडीएमआय केबल टाकून घेण्याची पद्धत आहे. दहा-बारा मीटरची ती साधी तांब्याची केबल १०८०पी सहज वाहून नेते, पण फोर-केच्या पूर्ण क्षमतेसाठी लागणारा सेकंदाला १८ गिगाबिटचा भार तिला पेलत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, किंवा मधूनच एक-दोन सेकंद अंधार होऊन चित्र परत येते. टीव्हीच्या त्या सॉकेटचे 'एन्हान्स्ड' असे सेटिंग साध्यावर आणले, किंवा बॉक्सचे आउटपुट १०८०पी केले आणि अंधार थांबला, तर दोष केबलचाच आहे. कायमचा उपाय म्हणजे त्याच पाइपातून प्रकाशतंतूची ॲक्टिव्ह एचडीएमआय केबल ओढणे. तिला दिशा असते, म्हणून टीव्हीकडे कोणते टोक जायचे ते पाइपात घालण्यापूर्वीच वाचावे.

चित्र आणि ओठांची हालचाल जुळत नसेल, तर आधी पुढे कोण आहे ते ठरवावे. आवाज आधी आणि चित्र नंतर येत असेल, तर रिसीव्हरमध्ये आवाजाचा विलंब थोडा थोडा वाढवून जुळवता येते. आवाजच मागे राहत असेल, तर रिसीव्हर काही करू शकत नाही. टीव्हीच्या ध्वनी विभागात असा विलंब चुकून वाढवलेला आहे का ते तपासून तो शून्यावर आणावा. ब्लूटूथने जोडलेल्या स्पीकरांत हा दोष असतोच, म्हणून चित्रपटासाठी तो मार्ग मी सुचवत नाही.

वीज, कूलर आणि उष्णता

रिसीव्हरमधून सतत मंद घूं असा आवाज येत असेल, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी छत्रीची (डिश अँटेनाची) वायर काढून पाहावी. आवाज थांबला, तर घराच्या अर्थिंगला आणि छत्रीच्या वायरीला मिळून एक विजेचे वर्तुळ तयार झाले आहे आणि त्यातून ५० हर्ट्झची गुणगुण शिरते आहे. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत आणि आवाज ऑप्टिकलने न्यावा, कारण प्रकाशाच्या तारेतून हे वर्तुळ पूर्ण होत नाही. प्लगची तिसरी जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. त्या पिनेवर घरच्यांचा जीव सुरक्षित असतो.

आपल्याकडचा खास प्रकार कूलरचा आहे. कूलरचे बटण दाबल्याबरोबर पडदा दोन सेकंद काळा होत असेल, तर मोटर सुरू-बंद होताना बटणात पडणारी ठिणगी एचडीएमआयच्या नाजूक संकेतात व्यत्यय आणते आणि यंत्रांना सारी बोलणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात. कूलर वेगळ्या बोर्डावर घ्यावा, केबल त्याच्या वायरीपासून दूर न्यावी आणि आवश्यकतेपेक्षा लांब केबल असेल तर आखूड आणावी. कूलरची ओलसर हवा थेट शोकेसच्या मागच्या बाजूला येत असेल, तर तिची दिशाही बदलावी, कारण सॉकेटांतले धातूचे संपर्क त्या ओलाव्याने काळवंडतात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा काचेचे दार असलेल्या शोकेसमधला रिसीव्हर अक्षरशः भाजून निघतो. तासभर ठीक चालून नंतर चित्र जाऊ लागते आणि सकाळी पुन्हा सगळे चांगले असते, अशी तक्रार उन्हाळ्यापुरतीच असेल, तर एक संध्याकाळ दार उघडे ठेवून आणि समोर लहान पंखा लावून पाहावे. फरक पडला, तर रिसीव्हर वरच्या फळीवर, डोक्यावर वीतभर मोकळी जागा राहील असा ठेवावा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या, की बोर्डाचे बटण बंद करणे पुरेसे नसते. छत्रीची वायरही बॉक्समधून काढावी, कारण तिच्यावाटे आलेला झटका एचडीएमआय सॉकेटे निकामी करू शकतो.

एवढे सर्व करूनही रिसीव्हरच्या कोणत्याच एचडीएमआय सॉकेटवर आवाज उमटत नसेल आणि ऑप्टिकलवर मात्र तो नीट वाजत असेल, तर त्याची एचडीएमआयची सर्किट पाटी (बोर्ड) बिघडली आहे आणि आवाज वाढवणारा विभाग शाबूत आहे. दुरुस्तीला नेताना कारागिराला नेमके हेच सांगावे आणि खर्चाचा अंदाज आधी विचारावा. खर्च परवडणारा नसेल, तर टीव्ही ऑप्टिकलने आणि ब्लू-रे प्लेअर त्याच्या कोअॅक्शियल सॉकेटने किंवा, दोघांवरही सोय असल्यास, सहा पिनांच्या ॲनालॉग आउटपुटने जोडून तोच रिसीव्हर पुढे वापरता येतो.